प्लग समोरचे आणतील

क्रागुयेवात्स शहरातल्या कारखान्याच्या आवारात गाडी चार्ज करायला एकच खांब, आणि त्याला लावलेली गाडी केव्हाच पूर्ण चार्ज झालेली. आत एक दाढीवाला निवांत चीज भरलेलं खुसखुशीत बुरेक खात बसला होता. पावसाचं पाणी माझ्या कॉलरमधून आत उतरत होतं. मी काच ठोठावली.

"गाडीचं पोट भरलंय... तुमचं कधी भरणार?"

"दही राहिलंय अजून," तो म्हणाला. पण गाडी काढली.

तासाभराने बैठकीत तोच समोर. वुकाशिन, मोटर बनवणाऱ्या कंपनीचा. मी दुन्या, निश शहरातल्या बॅटरी कंपनीने इथे पाठवलेली. कडाक्याच्या थंडीतही चालेल अशी बस दोन्ही कंपन्यांनी मिळून बनवायची होती. मिळून म्हणजे काय, तर त्याला काही विचारायचं असलं की मी माझ्या वकिलांना लिहायचं, त्यांनी त्याच्या वकिलांना. उत्तर येईपर्यंत मी प्रश्नच विसरलेली असायचे. तो मात्र समोर बसून माझ्या कॉफीत साखर घालायचा... न विचारता, नेमकी मला लागते तेवढीच. नुसता वैताग! आणि रविवारी तो वैताग नसला की मला करमायचं नाही.

हिवाळ्यात चाचणीचा दिवस आला. बस घाट चढली नाही तर भागीदारी संपणार होती, आणि मी कायमची निशला परत जाणार होते. बॅटरीच्या तारेला सॉकेट होतं. मोटरच्या तारेलाही सॉकेटच! प्लग समोरचे आणतील, असं दोन्ही कंपन्यांनी आपापलं ठरवून टाकलेलं. दोघांचे साहेब एकमेकांवर खेकसत बाहेर गेले.

"मला शंका आली होती," मी म्हणाले. "वाटलं, तू बोलशील."

"मलाही वाटलं, तू बोलशील." तो घुटमळला. "सगळ्याच बाबतीत..."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे पहिल्या भेटीपासून आम्हीही दोन सॉकेटं होऊन बसलो होतो!

"मग ऐक. मला तू आवडतोस. खूप. आता वकिलांना कळवू?"

तो तडक निघून गेला. मी अगदी रडकुंडीला आले. परतला तेव्हा त्याच्या कोटाचा खिसा फुगलेला होता. आत त्याच्या प्रयोगशाळेतला दुतोंडी प्लग होता, बाहेर न्यायला सक्त मनाई असलेला.

"नोकरी जाईल तुझी."

"निशला माणसं लागतात ना?"

बस घाट चढली. श्रेय दोन्ही साहेबांनी घेतलं. आम्ही शेवटच्या सीटवर बसलो होतो.

"तुझं उत्तर अजून आलेलं नाही," मी म्हणाले.

"प्लग आणला की मी," तो म्हणाला, आणि माझा गारठलेला हात त्याने त्याच रिकाम्या खिशात ओढून घेतला.