मेघबाहूचा शेवट

अण्णांच्या हातातल्या पडद्यावर चित्रकथेतला मेघबाहू धरणाच्या दरवाजाचं चाक फिरवत होता. उल्कानं तोच पडदा हातात घेतला आणि चित्र हळूच विरघळलं. आता मेघबाहू चाकाला हातही न लावता तडकलेल्या भिंतीला छाती देऊन उभा होता, आणि खालची वाडी सुखरूप होती.

“बघितलंस?” दवाखान्याच्या खाटेवरून अण्णा, तिचे थोरले भाऊ, म्हणाले. “माझ्याकडे उघडतो, तुझ्याकडे अडवतो. खरं काय केलं गं त्यानं?”

यात कुणाला नवल वाटावं असं काही उरलं नव्हतं. मनकवडा, म्हणजे हाच वाचायचा पडदा, घरोघर येऊन बरीच वर्षं झाली होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली कुठे विस्फारते, बोटाखालची नाडी कुठे अडखळते, हे टिपून तो गोष्ट जागच्या जागी बदलायचा. भित्र्या माणसाला त्यात भूत भेटत नसे, आणि एकट्या माणसाची नायिका हमखास परत येई. लोक खूश होते. एकच गोष्ट सगळ्यांनी सारखी वाचायची, हा काय जुनाट प्रकार, असं नव्या मुलांना वाटे. कागदी पुस्तकं केव्हाच रद्दीत गेली होती.

अण्णांना मात्र मरण्याआधी ती जुनाट गोष्टच हवी होती.

अण्णा, म्हणजे जयवंत तगारे, पाटबंधारे खात्यात अभियंता होते. महापुराच्या वर्षी धरणाची भिंत सरकू लागली, वीज गेलेली, तेव्हा दरवाजाचं चाक त्यांनी स्वतःच्या हातांनी फिरवलं. शहर वाचलं. धरणाखालची वाडी माणसांसकट वाहून गेली. चौकशी समितीनं त्यांना निर्दोष ठरवलं. पण समितीच्या सांगण्यावरून झोप लागत नसते.

“चाक फिरवताना ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं,” अण्णा म्हणाले. “‘जलप्रलय’ अंकाचं शेवटचं पान. मेघबाहूनं उघडलं होतं, म्हणून मी उघडलं. पण या डबड्यानं ते मला इतक्यांदा दाखवलंय की माझी आठवण कुठली आणि याची लबाडी कुठली, तेच कळेनासं झालंय. कागदावरचं बघून ये, उल्के. तेवढं कर माझ्यासाठी.”

“आणि त्यानं उघडलं नसलं तर?”

“तर ती माणसं मी मारली.”

उल्का दुसऱ्याच दिवशी गावाकडच्या वाचनालयात गेली. ते बंद पडल्यात जमा होतं, पण निवृत्त ग्रंथपाल हुद्देदारांनी किल्ली अजून सोडली नव्हती. नेर्लेकरांचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. नेर्लेकर म्हणजे मेघबाहूचे जन्मदाते. कथा त्यांची, चित्रंही त्यांचीच. एकेकाळी त्यांच्या नव्या अंकासाठी पोरं शाळा बुडवायची.

हुद्देदारांनी लाल कापडी बांधणीचा जाडजूड खंड पुढ्यात ठेवला. उल्कानं तो उघडला आणि साठी उलटलेली ती बाई चक्क हरखून गेली. मनकवड्यातला मेघबाहू गुळगुळीत आणि देखणा होता. या मेघबाहूच्या नाकाला बाक होता, पोट जरासं सुटलेलं होतं, आणि उडताना तो चक्क घाबरलेला दिसायचा. नेर्लेकरांनी हा माणूस घाबरट काढला होता! हे कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

‘जलप्रलय’ खंडात शेवटी होता. भिंत तडकली. मेघबाहूनं एकदा शहराकडे पाहिलं, एकदा वाडीकडे. त्याचा हात चाकाजवळ गेला. चौकटीच्या कोपऱ्यात बाण होता आणि लिहिलं होतं, ‘शेवट पाठीमागे’.

पाठीमागे पुठ्ठा होता.

तिनं भराभरा मागचे अंक चाळले. प्रत्येक गोष्ट शेवटच्या पावलाआधी थांबत होती.

“पोरं आधी शेवट बघतात म्हणून नेर्लेकर तो मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापायचे, जाहिरातीच्या जागी,” हुद्देदार अपराध्यासारखे म्हणाले. “आणि आम्ही बांधणीला देताना पुढची-मागची वेष्टनं काढूनच द्यायचो. सगळीच वाचनालयं तसंच करायची. वेष्टन ठेवलं की शिवण नीट बसत नाही.”

“सुटा अंक कुणाकडे असेल?”

“मी शोधून थकलो. घरचे अंक रद्दीत गेले, मूळ चित्रं वाळवीनं खाल्ली. टिकले ते हे बांधलेले खंड. मनकवड्यासाठी पानं टिपून नेली, तीसुद्धा यांच्यावरूनच.”

म्हणजे यंत्राकडेही शेवट कधी नव्हताच. ज्याला जो हवा तो, एवढाच होता. उल्काला संताप आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. तिनं पुन्हा ते पान उघडलं. त्यावर तेलकट अंगठ्याचा जुना डाग होता. चिवडा खात वाचायची अण्णांची सवय होती. आणि मग तिला आठवलं, तगाऱ्यांच्या घरात मेघबाहूचा अंक कधी विकत आला नव्हता. जे वाचलं ते इथलंच, याच खंडातलं.

अण्णांनी शेवट कधी पाहिलाच नव्हता. तो त्यांनी लहानपणी मनानेच रचला होता, आणि त्यावर भरवसा ठेवून चाक फिरवलं होतं.

हुद्देदारांनी खंड तिला नेऊ दिला. ती परतली तेव्हा अण्णांची नजर अधिकच मंदावली होती. त्यांनी कागदावरून हात फिरवला, पान नाकाशी धरून वास घेतला आणि लहान मुलासारखे हसले. “तोच गं हा. वाच.”

तिनं वाचलं. भिंत तडकली. शहर, वाडी. हात चाकाजवळ गेला. मग ती थांबली. उशाच्या यंत्रावर अण्णांच्या नाडीची हिरवी रेघ घाईघाईनं वरखाली होत होती. तिनं त्या रेघेकडे पाहिलं, त्यांच्या ताणलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पुढ्यातल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाली, “उघडलं, अण्णा. त्यानं उघडलं.”

रेघ हळूहळू शांत झाली. उल्काला वाटलं, सुटलो.

अण्णांनी चाचपडत तिचा हात धरला.

“उल्के,” मग त्यांनी विचारलं, “हे तू पानाकडे बघून सांगितलंस, की माझ्याकडे?”