धोंडू खटपट्यामागेच का जातो?

ऋजूच्या घरात रोज दुपारी एक कोडं चार पायांवर चालत यायचं. धोंडू नावाचं कासव पलंगाखालून बाहेर पडायचं, ऋजूनं पुढे केलेल्या जास्वंदीच्या पानाकडे ढुंकूनही बघायचं नाही, तिच्या मांडीला वळसा घालायचं आणि कोपऱ्यात बसलेल्या खटपट्याच्या पाठीला जाऊन चिकटायचं. खटपट्या म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव (घरातली सगळी कामं स्वतःहून करणारं यंत्र). दुपारची भांडी आवरली, की तो कोपऱ्यात चार्जिंगला बसायचा.

"माझा असा अंदाज आहे, की धोंडूला माझा लळा लागला आहे," खटपट्या पुस्तकी मराठीत म्हणायचा. त्याच्या आवाजात जरा जास्तच गोडवा असायचा.

ऋजूला याचा फार राग यायचा. पानं ती आणणार, आंघोळीचं कोमट पाणी ती करणार, आणि लळा कुणाचा, तर डबा धुणाऱ्या डब्याचा!

पण रागापेक्षाही मोठी होती ती भीती. धोंडू जेवतच नव्हता. त्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांची सुरेख नक्षी होती, पण त्या पाठीखालचं कासव दिवसेंदिवस हलकं होत चाललं होतं. त्याला चोरून विकायला नेणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडलं होतं. पिल्लू असल्यापासून तो खोक्यातच वाढलेला, त्यामुळे रानात सोडला असता तर जगला नसता. म्हणून प्राण्यांच्या आश्रयगृहानं त्याला ऋजूच्या घरी सांभाळायला दिलं होतं. तिथल्या डॉक्टर वाकोडेबाई रोज पडद्यावर येऊन त्याचं वजन विचारायच्या. आज त्या म्हणाल्या, "ऋजू, रविवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर मला त्याला परत न्यावं लागेल हं, बाळा."

परत न्यायचं म्हणजे पुन्हा खोकं, पुन्हा प्रवास. आणि तोवर धोंडू टिकला नाही तर?

ही गोष्ट ज्या काळात घडते, त्या काळी अकोल्यातला उन्हाळा पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झालेला होता. त्यामुळे सगळी माणसं समताप घरांत राहत होती. समताप घर (प्रत्येक कोपऱ्यात सारखंच तापमान राखणारं घर) मोठं गुणी असतं. पलंगाखाली जा, खिडकीशी जा, सगळीकडे चोवीस अंश. उन्हाळा नाही, हिवाळा नाही. जाड काचांतून येणारा उजेडसुद्धा गाळून घेतलेला, दुधाळ. सगळं घर कसं अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. या घरांची यंत्रणा ज्यांनी तयार केली ते शास्त्रज्ञ म्हणजे ऋजूचे आबाजी, तिच्या बाबांचे बाबा. ते वरच्याच मजल्यावर राहत.

त्या दिवशी ते खाली आले तेव्हा ऋजू भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काऊन वं, तोंड पाडून काऊन बसली?"

"आबाजी, धोंडूला मी आवडत नाही. त्याला खटपट्या आवडतो. माझ्या हातचं खातसुद्धा नाही तो." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

आबाजी तिच्याजवळ फरशीवर बसले. "मले एक सांग. तो दिवसभर खटपट्याच्या मागं फिरते का?"

"नाही. दुपारीच जातो फक्त."

"दुपारी खटपट्या काय करते?"

"काही नाही. चार्जिंगला बसतो."

"मग जा, तू पण त्याच्या पाठीले हात लावून पाह्य."

ऋजू डोळे पुसत गेली. धोंडू तिथेच होता, मान लांब करून, डोळे मिटून. तिनं त्याच्या शेजारी तळहात टेकवला. खटपट्याची पाठ चांगलीच उबदार होती!

"आबाजी, त्याला ऊब हवी आहे का?"

"मले काय विचारते? धोंडूले विचार."

"पण तो कुठे बोलतो?"

"बोलत नाई म्हणून तर प्रयोग करायचा असते. प्रश्न असा मांडायचा, की त्याले चालून उत्तर देता आलं पायजे."

मग दोघांनी प्रयोग मांडला. खटपट्याला चार्जिंगवरून उठवून त्याची पाठ थंड होऊ दिली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात बसवलं. समोरच्या कोपऱ्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली. धोंडूला मधोमध ठेवलं आणि दोघं वाट पाहू लागली. कासवाच्या बाबतीत पी हळद नि हो गोरी असं काही होत नसतं. धोंडूनं मान बाहेर काढली. डावीकडे पाहिलं. मग बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही. ऋजूला पेंग यायला लागली तेव्हा कुठे त्याचा एक पाय हलला, मग दुसरा, आणि तो थेट पिशवीकडे निघाला.

"म्हणजे माझ्यात आणि त्या पिशवीत काहीच फरक नाही?" खटपट्यानं विचारलं. त्याचा चेहरा पत्र्याचा होता, तरी तो पडलेला दिसला.

ऋजूला एकाच वेळी हसू आलं आणि त्याची दया आली. "पण आबाजी, घर तर किती छान आहे. मला कुठे थंडी वाजते?"

"डोळे मिट बरं," आबाजी म्हणाले. "आता तुझ्या अंगात एक शेगडी आहे असं समज. तू वरणभात खाल्ला, की तो त्या शेगडीत जाते. बाहेर थंडी असो की गरमी, शेगडी तुले सारखं कोमट ठेवते. अशा प्राण्याले उष्णरक्ती (शरीराचं तापमान स्वतःच राखणारा) म्हणतात. दिसली शेगडी?"

"दिसली. लाल आहे."

"आता ती विझव. तू कासव झाली."

मिटलेल्या डोळ्यांपुढे ऋजूची शेगडी विझली. पाठ घुमटासारखी जड झाली. हात, पाय, सगळं हळू. पुढ्यात जास्वंदीचं पान होतं, पण तोंड उघडायचासुद्धा कंटाळा. भूक कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी.

आबाजींचा आवाज आला, "अन्न पचवायले पोटात विकर लागतात (अन्नाचे बारीक तुकडे करणारी शरीरातली रसायनं). ते उबेत झपाझप काम करतात, गारठ्यात रेंगाळतात. पान खाल्लं तरी पोटात तसंच पडून राहीन, म्हणून कासव खातच नाई. तो शीतरक्ती (ज्याच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे बदलतं असा) प्राणी आहे. त्याची शेगडी अंगात नाई, आभाळात आहे. सकाळी तो उन्हात बसते. ऊन पाठीतून आत झिरपते, मग त्याले भूक लागते."

ऋजूला खरंच पाठीवर काहीतरी सोनेरी, संथ उतरत असल्यासारखं वाटलं.

"आणि खूप तापलं तर?"

"तर उठून सावलीत जाते. उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. आपलं अंग किती गरम ठेवायचं हे तो पायानं ठरवते."

ऋजूनं डोळे उघडले. "पण आबाजी, आपल्या घरात तर सगळीकडे सारखंच आहे! तो जाणार कुठे?"

आबाजींनी घराच्या चारही कोपऱ्यांकडे पाहिलं. चोवीस, चोवीस, चोवीस. एकही कोपरा चुकू नये म्हणून त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं, आणि धोंडूच्या बाबतीत सगळं मुसळ केरात गेलं होतं. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मग ते हळूच हसले. "हे तर माझ्या डोक्यातच आलं नाई, पोरी."

"मग पिशवी रोज ठेवू या?"

"ऊब भेटीन, पण पाठीचं काय? कासवाची पाठ हाडाची असते. हाडाले कॅल्शियम लागते, आणि कॅल्शियम अंगी लागायले ड जीवनसत्त्व. ते त्याच्या कातडीत तयार होते अतिनील किरणांनी (उन्हातला डोळ्यांना न दिसणारा भाग). आपल्या काचा ते किरण अडवतात. गच्चीच्या छताची झडप उघडावी लागीन."

"ते शक्य नाही," खटपट्या म्हणाला. "झडप उघडू नये असा नियम आहे. तो आपणच लिहिलेला आहे."

"मग आता मीच खोडतो," आबाजी म्हणाले.

बाहेर हिवाळ्याचे दिवस होते, त्यामुळे उन्हाच्या कडाक्याची भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी झडप कुरकुरत वर सरकली आणि गच्चीच्या फरशीवर कोवळं ऊन येऊन पसरलं. ऋजूनं असं उघडं ऊन घरात कधी पाहिलंच नव्हतं. त्याला वास होता, त्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि त्याच्या कडेला गार निळसर सावली होती. एका बाजूला तिनं मातीचं मडकं आडवं ठेवून धोंडूला आडोसा केला. उथळ ताटलीत पाणी ठेवलं. धोंडूला उन्हात ठेवून स्वतःही शेजारी पालथी झोपली.

पहिल्या दिवशी तो नुसता बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाय ताणले. आणि मग एका सकाळी ऋजूच्या कानाशी कर्र असा आवाज झाला. तिनं श्वास रोखून पाहिलं, तर जास्वंदीच्या पानाला चंद्रकोरीएवढा चावा पडला होता! ती ओरडणार होती, पण तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

रविवारी डॉक्टर वाकोडेबाईंनी वजन विचारलं. खटपट्यानं काट्यावरचा आकडा दोनदा वाचून दाखवला. बाई हसल्या. "राहू दे त्याला तुझ्याकडेच. आणि ऋजू, नीट सांभाळलंस तर तू माझ्याएवढी होशील तेव्हाही तो असेल बरं का."

वरच्या मजल्यावर आबाजी नव्या घरांचे आराखडे काढायला बसले होते. त्या घरांत एक कोपरा उन्हाचा होता आणि एक सावलीचा, ज्याला जिथे हवं त्यानं तिथे बसावं. शेजारच्या इंगोलेकाकू तर "आमचीबी झडप उघडता का हो?" असं विचारून गेल्या होत्या.

आणि इकडे गच्चीत धोंडू ऋजूच्या मांडीला टेकून ऊन खात होता. पहिल्यांदाच तो तिच्याजवळ इतका वेळ थांबला होता. तो असाच बसून राहावा, असं तिला फार फार वाटत होतं. इतक्यात त्यानं मान वर केली. त्याची पाठ आता छान तापली होती. तो उठला आणि मडक्याच्या सावलीकडे चालू लागला.

"त्याला परत आणून तुझ्याजवळ ठेवू का?" खटपट्यानं विचारलं.

"नको," ऋजू म्हणाली. "त्याला आता गार हवंय."

आणि तिनं आपला पाय आखडून घेऊन धोंडूला वाट करून दिली.