पाठीवरची माती

रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गोंडा पैलवानांच्या खोलीतला टीव्ही लागायचा आणि पैलवानांची जीभ सुटायची. बाकीचं शरीर वीस वर्षांपूर्वीच सुटलं होतं. मानेखाली काही म्हणता काही हलत नव्हतं. पण मानेवर जे शिल्लक होतं, ते अख्ख्या गावाला पुरून उरेल एवढं तिखट होतं.

पडद्यावर धूर निघाला, दिवे फिरले, आणि सोनेरी लंगोट घातलेला एक तरुण मल्ल हातात माईक घेऊन आखाड्यात उतरला. आपण प्रतिस्पर्ध्याचं काय काय करणार आहोत, हे तो तपशीलवार सांगू लागला.

"ह्यो कुस्तीला आलाय का सरपंचकीला उभा ऱ्हायलाय?" पैलवान खाटेवरून म्हणाले. "आरं, बोलण्यातच दम गेला की सगळा. आणि मांड्या बघ. कोंबडीच्या हायत."

"मांड्यांचं लिहू नको ना, आप्पा?" मांडीवरच्या डिजिटल पाटीवरून मान वर न करता त्रिशलानं विचारलं.

"लिही. 'कोंबडी' असंच लिही."

त्रिशला हसली. कोंबडीचं तिनं लिहिलं नाही. तिच्या पाटीवर फक्त छायामल्लांबद्दलचे शेरे चालायचे.

'महामल्ल रविवार' हा कार्यक्रम छायामल्लांवरच उभा होता. छायामल्ल म्हणजे रबरी स्नायूंचा यंत्रदेह. जुन्या कुस्त्यांच्या चित्रफिती दाखवून त्याला एखाद्या गाजलेल्या पैलवानाचं अंग शिकवलेलं असे. पवित्रा कसा, पकड कशी, दम लागल्यावर खांदा कुठला झुकतो, सगळं तो उचलायचा. जिवंत मल्ल त्याच्याशी कुस्ती धरायचे. कोण जिंकणार हे कथा विभाग आदल्या आठवड्यातच ठरवायचा. पण अंग खोटं वाटू नये म्हणून कंपनीनं चाळीस जाणकार नेमले होते. त्यांना पारखी म्हणत. पारख्यानं घरबसल्या कुस्ती बघायची आणि लिहायचं: इथं चूक, इथं बरोबर. यंत्र त्यातून शिकायचं. ज्याचे शेरे चित्रफितींशी जुळत, त्याचा विश्वासांक वाढत जायचा.

आईच्या माहेरच्या आडनावानं नोंदलेल्या त्रिशला चौगुलेचा विश्वासांक चाळिसांत सर्वांत वरचा होता. साहजिकच होतं. शेरे तिचे नव्हतेच. आप्पा म्हणायचे, "ढाक मारताना कमरंत पाणी पायजे." आणि पेशानं फिजिओथेरपिस्ट असलेली त्रिशला लिहायची, 'डाव्या कमरेचा सांधा अर्धा सेकंद आधी सैल व्हावा.' पुढच्या रविवारी छायामल्लाच्या कमरेत खरोखर पाणी आलेलं असे.

आणि ती ज्याच्यावर शेरे लिहायची, तो छायामल्ल होता कलगोंडा मगदूम. तिचा बाप, खाटेवरचे गोंडा पैलवान.

आता तोच आखाड्यात आला. काळा पोशाख, ओठावर कुत्सित हसू. निवेदक ओरडला, "आला, आला, कपटी मगदूम!" लोकांनी शिट्ट्या घातल्या. छायामल्लानं सलामीलाच मूठभर माती उचलून सोनेरी लंगोटवाल्याच्या डोळ्यांत फेकली.

आप्पांनी मान भिंतीकडे वळवली. दर रविवारी या ठिकाणी ते हेच करत. ज्या माणसानं आयुष्यात कधी कुणाचं बोट पिरगाळलं नाही, तो राज्यभरात दर आठवड्याला डोळ्यांत माती फेकत होता. शाळेतली पोरं खेळात भांडली की एकमेकांना 'मगदूम' म्हणायची. त्रिशलानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाचा मालक होता दिग्विजय इंगवले. चित्रफिती त्यानं रीतसर विकत घेतल्या होत्या, कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. वीस वर्षांपूर्वी जत्रेच्या मैदानात याच इंगवलेशी आप्पांची कुस्ती लागली. दहा वर्षांची त्रिशला आप्पांचे कपडे मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. झटापटीत दोघं कडेला गेले, पंचांनी शिट्टी मारली. आप्पांनी हात सोडले. शिट्टी झाली की हात सुटलाच पाहिजे, हे वस्तादांनी त्यांच्या हाडांत भरलं होतं. इंगवलेनं हात सोडले नाहीत. बगलेत धरलेली मान त्यानं दाबली आणि पिरगाळली. चार सेकंद. त्रिशलानं ते तेव्हा मोजले नव्हते, पण नंतर रोज मोजले. पंचांनी अपघात म्हटलं, लोकांनीही म्हटलं.

आता पडद्यावर तेच घडत होतं. मगदूमनं सोनेरी लंगोटवाल्याला जवळजवळ लोळवला होता, तेवढ्यात शिट्टी वाजली. छायामल्लाचे हात आपोआप सैल पडले आणि पोरानं त्याला उचलून आपटला. दर रविवारचा शेवट हाच. शिट्टीला हात सोडणं त्या अंगातच होतं, ते वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. आप्पांच्या चांगुलपणावरच कंपनीनं त्यांचा पराभव बांधला होता. त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती याच क्षणी.

धूर विरला आणि स्वतः इंगवले पडद्यावर आला. पन्नाशीचा, केस काळे केलेला, अजून घोटीव. "पुढच्या रविवारी," तो म्हणाला, "वीस वर्षं अर्धवट राहिलेली कुस्ती मी पुरी करणार. मी विरुद्ध मगदूम. थेट प्रक्षेपण!"

त्रिशलानं टीव्ही बंद केला. "पुरी करणार म्हणे! मेल्याचे हात झडले पाहिजेत."

"हात कशाला," आप्पा शांतपणे म्हणाले. "पाटी घे. शेरा लिही."

"सांगा."

"शिट्टी झाल्यावर त्यो हात सोडतो. चूक हाय."

त्रिशलाचं बोट पाटीवरच थांबलं. तीन वर्षांत आप्पांनी एकही खोटा शेरा सांगितला नव्हता. पकड बरोबर असली तर ती स्वतःच्या पराभवाची असली तरी ते "बराबर" म्हणायचे. म्हणून तर तिचा विश्वासांक एवढा होता.

"आप्पा, तुम्ही सोडायचा की."

"तवाचा मी सोडायचो. आताचा मी सोडणार न्हाई." त्यांनी डोळे छताला लावले होते. "वीस वर्सं हितं पडून म्या त्या कुस्तीत दुसरं काय केलंय, सांग की. रोज धरतोय. रोज शिट्टी हुती. एकदाबी सोडलं न्हाई. मग खरं काय आणि खोटं काय?"

त्रिशलाला वाटलं होतं, सूड आपल्या एकटीच्या पोटात आहे. आप्पा डावपेचांत रमलेत, त्यांना कुस्ती नीट दिसली की पुरे आहे. बापाला ओळखायला तिला तीस वर्षं लागली. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तिनं लिहिलं: 'शिट्टीनंतर पकड सैल होते. चूक. पकड कायम राहावी.' 'पाठवा' दाबलं आणि तिच्या विश्वासांकावर यंत्रानं ते मुकाट मान्य केलं.

आठवडाभर तिनं आप्पांचे निर्जीव पाय रोजच्यासारखे चोळले, वाकवले, सरळ केले. दोघांनी त्या शेऱ्याचा विषय काढला नाही.

रविवारी इंगवले फेटा बांधून, हलग्यांच्या कडकडाटात, घोड्यावरून आला.

"घोडं बरं हाय," आप्पा म्हणाले. "मातीला मातूर वास नसणार. रबराचा चुरा हाय त्यो, लाल रंग दिलेला. आखाड्याच्या मातीत घालत्यात तसलं ताक न्हाई, हळद न्हाई. असल्या मातीत पडला तरी कुणाला लागायचं न्हाई, आणि लागलं तरी कळायचं न्हाई."

सलामी झाली. छायामल्लानं ठरल्याप्रमाणे डोळ्यांत माती फेकली, इंगवलेनं ठरल्याप्रमाणे गर्जना केली. आठ मिनिटं दोघं भिडले. आणि त्रिशला बघतच राहिली. तिनं तीन वर्षं एकेक शेरा घालून घडवलेलं ते अंग आज असं खेळत होतं की कपटी मगदूमचा काळा पोशाख दिसेनासा झाला. एकलंगीच्या डावाला इंगवले हलला, ढाकेला उडाला. पाठ जमिनीला टेकू नये म्हणून त्यानं मान आणि टाचा रोवून अंगाची कमान केली. छायामल्लानं त्याची मान बगलेत घेतली आणि वरून भार दिला.

शिट्टी वाजली.

इंगवले कमान सोडून उलटायला निघाला, कारण आता पकड सुटणार हे त्याला पाठ होतं. पकड सुटली नाही. पंचानं पुन्हा शिट्टी मारली. मग तो मारतच सुटला.

"एक," त्रिशला म्हणाली. "दोन. तीन. चार."

चारनंतर काय म्हणायचं हे तिला माहीत नव्हतं. इंगवलेचा चेहरा जांभळा पडत चालला होता. निवेदकाचा आवाज चिरकला. आखाड्याभोवती तंत्रज्ञ धावत होते, पण त्यांना वीज तोडता येत नव्हती. वीज गेली की यंत्रदेहाचे सांधे आहेत तिथंच आवळून राहत, दीड क्विंटलचं धूड कुणाच्या अंगावर कोसळू नये म्हणून.

"आप्पा, मान मोडेल त्याची."

"मोडंल की."

"मरेल तो!"

"त्येच्याच हातात हाय." आप्पांचे डोळे चमकत होते. "पाठ टेकली की पैलवान सोडतो, शिट्टी असू दे नायतर नसू दे. पाठ लावली, कुस्ती सपली. टेक म्हणावं पाठ, आत्ता सुटशील. पर त्यो टेकणार न्हाई. म्या वळखतो त्याला. मान मोडून घील, पर एवढ्या लोकांफुडं पाठीला माती लावून घ्यायचा न्हाई."

म्हणजे शेरा शिट्टीचा होता, डाव मात्र इंगवलेच्या गुर्मीवर बांधलेला होता. माणूस पारखून मारलेला डाव. त्रिशलानं पाटी छातीशी घट्ट धरली. मोडू दे, असं ती मनात म्हणाली. नंतर मोठ्यानंही म्हणाली, "मोडू दे."

इंगवलेचे डोळे कॅमेऱ्याकडे वळले. त्यात गुर्मी नव्हती, मालकी नव्हती. टाचा थरथरल्या, घसरल्या, आणि सगळ्या राज्यासमोर त्याची पाठ लाल चुऱ्यावर पडली.

त्याच क्षणी छायामल्लानं हात सोडले.

"भ्याला!" आप्पा ओरडले. "भ्याला, भडवा! टेकली पाठ!" त्यांना आनंद झाला की दुःख, हे आवाजावरून कळेना. इंगवलेचे हात हलत होते, पाय हलत होते. तो जिवंत होता, धडधाकट होता, आणि चितपट झाला होता.

मग पडद्यावर एक गोष्ट घडली, जी कथा विभागानं लिहिली नव्हती आणि त्रिशलानंही. छायामल्ल खाली वाकला. त्यानं इंगवलेला काखेत हात घालून बसवला. आणि त्याच्या मागं जाऊन, उघड्या तळव्यानं, मानेपासून कमरेपर्यंत, त्याच्या पाठीवरची माती झाडली. हळूच, तीन वेळा.

त्रिशलानं छातीशी धरलेली पाटी खाली घेतली. ती हे विसरलीच होती. जत्रेत आप्पा जिंकले की असंच करायचे. ती लहान असताना तिला तो कुस्तीचा नियमच वाटायचा. नियम नव्हता, आप्पांची स्वतःची रीत होती. माती तशीच ठेवून माणूस घरी पाठवला तर ती त्याच्या बायकापोरांना दिसते, म्हणून ज्यानं लावली त्यानंच झाडायची. जुन्या चित्रफितींत ते कुठंतरी होतंच. यंत्र फक्त कुस्ती पुरी व्हायची वाट बघत होतं, कारण कथा विभागानं मगदूमला आजवर एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

ते हात आप्पांचेच होते. वीस वर्षं तिच्या पाठीवरून न फिरलेले ते हात दिग्विजय इंगवलेच्या पाठीवरून फिरत होते.

"चूक!" आप्पा खेकसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात नव्हता. "चूक लिही, त्रिशे. म्या असलं करणार न्हाई. त्याच्या पाठीला हात? थुंकंन मी! लिही, लौकर लिही!"

कुस्ती संपल्यावर शेऱ्यासाठी एक मिनिट मिळायचं. पाटीवर यंत्राचा प्रश्न उभा होता: 'विजयानंतरची ही कृती मगदूम यांची आहे का? बरोबर की चूक?' सर्वांत वरच्या विश्वासांकाच्या पारख्यानं चूक म्हटलं की ती रीत त्या अंगातून कायमची पुसली जाणार होती. दुसरीकडे कुठं ती आता उरलीही नव्हती.

त्रिशलानं पदरानं आप्पांचे डोळे पुसले. त्यांनी मान झटकून पुन्हा पाटीकडे खूण केली. पडद्यावर ते रबरी हात अजून इंगवलेच्या खांद्यावर होते, आणि इंगवले तोंड झाकून रडत होता.

पाटीवर वीस सेकंद उरले होते. मगदूम हे असं करणार नाहीत, असं तिनं कुणाबद्दल लिहायचं: पडद्यावरच्या, की खाटेवरच्या?