खिंडीतला दुसरा दिवा

मी स्वतः त्या रात्री होडीत नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मेव्हणा तेलेके याने जेवढे सांगितले, तेवढेच सांगेन.

गेल्या मार्चमधली गुरुवारची रात्र, चंद्र नव्हता. तेलेकेच्या तान्ह्या मुलीला, लोसाला, तीन महिने पुरे झाले होते. त्या निमित्ताने घातलेल्या जेवणासाठी उडते मासे हवे होते. पोरगी अजून हलत्या वस्तूमागे नजर नेत नव्हती. नर्सने लाल चेंडू फिरवून पाहिला होता, आणि तेव्हापासून तिच्या आईला घास गोड लागत नव्हता.

परतताना, साडेनऊच्या सुमारास, तेलेकेच्या कपाळावरचा दिवा विझला. पुढच्या होडीत थोरला भाऊ फलानी होता.

“माझ्या दिव्यावर डोळे ठेव,” तो ओरडला. “खडकांमधली ही खिंड अरुंद आहे. मासा उडाला तरी बघायचं नाही, कळलं का हावरटा?”

“दादा, मी काय लहान आहे?”

“लहान असतास तर ऐकलं असतंस!”

आणि मासा उडालाच. हाताच्या अंतरावरून. अशा वेळी आपल्या माणसाची नजर त्याच्या मालकीची राहत नाही, पोरांनो. एकच क्षण. तेलेकेने पुन्हा समोर पाहिले, तेव्हा दिवे दोन होते.

ते जवळ आले, एक झाले, पुन्हा वेगळे झाले. आता दादाचा कोणता?

“दादा!”

हाक लाटांच्या आवाजात विरली. तो अंदाजाने डाव्यामागे निघाला. पण शंका जाईना. लाट आली की त्याची होडी उचलली जाई. उजवा दिवा उचलला जाई. डावा... नाही. डावा सरळ रेषेत सरकत होता. तेलेकेने वल्हे थांबवले. डावा थांबला. पुढे, अगदी जवळ, खडकावर पाणी फुटत होते.

त्याने होडी उजवीकडे वळवली. मागे पाहिले नाही.

किनाऱ्यावर फलानीने विचारले, “तुझ्या मागे दिवा लावून कोण येत होतं रे?”

तेलेके मासे उचलून घराकडे निघाला.

घरी लोसा जागी होती. तो दारातून आत आला, तरी तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिची नजर त्याच्या खांद्यामागून निघाली... भिंतीवरून सावकाश, सरळ रेषेत सरकली... आणि तिच्याच उशाशी थांबली.

“अहो, बघतेय ती!” तिची आई रडत हसली.

सोमवारी नर्सने चेंडू पुन्हा फिरवला. लोसाची नजर त्याच्यामागे गेली नाही.