श्यू-चिनताईंची हाक

ही गोष्ट २००३ सालची. तैवानमधल्या सुआओ बंदरावर मच्छीमारांसाठी एक छोटं रेडिओ केंद्र होतं. त्या वर्षी तिथली टेपची यंत्रं निघाली आणि संगणक आला. यापुढे गाणी, जाहिराती, समुद्राचं हवामान, सगळं आपोआप लागणार होतं.

निवेदिका युए-थाओला आनंदच होता. पण जोडणीसाठी दुपारभर प्रक्षेपण बंद राहणार होतं, आणि तिचा नवरा थ्येन-फू होडी घेऊन बाहेर होता.

जोडणी करणारा को मोठा बोलघेवडा. त्याने संगणकावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवला. सगळेच ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं.

"पिवळा पुडा चालत नाही हं ताई, रुसतं ते."

"एक माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरही ठेव," ती हसली.

मग उदबत्ती लावली. वर्षानुवर्षं हवामान सांगणाऱ्या श्यू-चिनताई त्याच वसंतात वारल्या होत्या. आज त्यांची यंत्रं निघणार, म्हणून त्यांचा निरोप घ्यायचा होता. युए-थाओने हात जोडले. खिडकीबाहेर समुद्र शिशासारखा काळवंडला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "ताई, होड्यांकडे लक्ष असू द्या."

को चपापला. "अहो, गेलेल्या माणसाचा निरोप घ्यावा. काम काय सांगता?"

त्याने तारा काढल्या. यंत्रावरचे काटे शून्यावर आले. खोलीत नुसता उदबत्तीचा वास.

थोड्या वेळाने तावदानं थडथडू लागली.

"लाव रे परत! वारा फिरलाय!"

"सगळ्या तारा सुट्या आहेत, ताई."

ती जिन्याकडे धावली. खालून थ्येन-फू वर येत होता, नखशिखान्त भिजलेला. मागे धक्क्याला एकेक होडी लागत होती.

"बरं झालं वेळेवर सांगितलंत," तो धापा टाकत म्हणाला.

"कुणी?"

"श्यू-चिनताईंनी. रेडिओवर, नेहमीसारखं, 'घरी या रे, भात निवतोय...'"

त्यांच्या शवपेटीला थ्येन-फूनेच खांदा दिला होता.

त्या वादळात एकही माणूस गेला नाही. संध्याकाळी नाखव्यांनी माइकपुढे मासे आणि तांदळाची दारू ठेवली, आणि डोकी टेकली.

को पुढे तैपेईत मोठा साहेब झाला; नववर्षाला त्याची संत्री न चुकता येतात. थ्येन-फू म्हातारा होऊन, घरात, आपल्या अंथरुणात गेला. त्याबद्दल युए-थाओ ताईंना अजून रोज हात जोडते. पक्षाघाताने तिची वाचा गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी वादळानंतर एक अनोळखी तरुण नाखवा बांगडे घेऊन आला. "मावशी, दुपारी रेडिओवर तुम्ही हाक मारलीत म्हणून परतलो. तुमचा आवाज जुन्या नाखव्यांनी ओळखला."

युए-थाओने समाधानाने मान हलवली. दुपारपासून तिचा घसा दुखत होता, खूप वेळ मोठ्याने बोलल्यावर दुखतो तसा.