अजून कोण राहिलंय?

ही गोष्ट खरी आहे. कुठं वाचलेली नाही, कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात घडली आणि मी तिथं हजर होते.

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा संशय आधी माणसांवर जातो. आणि आमच्या घरात संशय घ्यायला माणसं भरपूर आहेत.

गेल्या वर्षीची भाऊबीज. संध्याकाळची वेळ. भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा लोक वर सरकले. मी पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. सणावाराला धाकट्या भावाकडे, इंद्रजितकडे, जाते.

घरातले सगळे फोटो मीच काढते. म्हणून मी स्वतः एकाही फोटोत नसते, पण ते सोडा. वर्षभराचे फोटो आणि छोट्या क्लिपा जोडून, वर गाणं टाकून मी स्लाइड शो करते. भाऊबीजेला जेवणं उरकली की तो टीव्हीवर लावायचा, मग फॅमिली ग्रुपवर टाकायचा. आमचे सोमनाथकाका दरवर्षी स्वतःचं टक्कल बघून म्हणणार, "शेफाले, क्यामेरा बदल आता!"

त्या संध्याकाळी मात्र कुणाला हसू येत नव्हतं.

कारण वैष्णवी.

इंद्रजितची मुलगी. पाच वर्षांची. मे महिन्यापासून ती एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. सगळे समोर बघायचे आणि ही माझ्या डाव्या बाजूला. टाळ्या वाजवा, चॉकलेट दाखवा... नजर तिथंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले.

डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून घरच्यांना भलतंच सापडलं. पोरीला बाहेरचं लागलंय! काकांनी देवऋषीसुद्धा गाठून ठेवला. पुनवेला तिला न्यायचं ठरलं. तो माणूस लहान मुलांनाही वेताच्या छडीनं मारतो, हे मला माहीत होतं. माझी वहिनी धनश्री रडून अर्धी झाली होती. पोरीला घेऊन विंझरला माहेरी जायला तिनं पिशवी भरून ठेवली होती.

माझं डोकं फिरलं होतं. एवढ्याशा पोरीला छडी?

आणि माझा संशय काकांवरच होता. फोटोच्या वेळी वेडीवाकडी तोंडं करून पोरांना हसवायची त्यांना भारी खोड. हेच माझ्या शेजारी उभं राहून तिला नादी लावत असणार, आणि आता वर देवऋषी. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी मोबाईल टीव्हीला जोडला. घाईत यंदा गाणं टाकायचं राहून गेलं होतं.

पहिला फोटो मे महिन्यातला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि जुन्या गावातल्या घरांची जोती उघडी पडतात. आमच्या जोत्यावर सगळं घर बसवून मी दिवस बुडताना तो काढला होता. वैष्णवी लांब पाण्याकडे बघत होती.

नागपंचमी. तिची नजर अंगणाच्या फाटकावर.

गौरी जेवणाचा दिवस. नजर तुळशीपाशी.

दसरा. नजर पायरीवर.

कालचा पाडवा... माझ्या खांद्यापाशी.

मला ते अंगण पाठ आहे. मी कुठं उभी होते, तेही आठवतंय. सुटे सुटे फोटो बघताना कधी लक्षात आलं नाही. ओळीनं बघितले तेव्हा दिसलं. दर सणाला काहीतरी जवळ जवळ येत होतं.

मी काकांना शोधलं. ते प्रत्येक फोटोत होते, मागच्या रांगेत, टकलासकट.

मग माझ्या शेजारी कोण होतं?

तेवढ्यात क्लिपा सुरू झाल्या. पहिली तीच, जोत्यावरची. त्यात माझा आवाज होता. "चला, चला, जवळ या! अजून कोण राहिलंय? या लवकर!"

हसण्याखिदळण्याचा आवाज. वारा.

आणि मग... पाण्याच्या बाजूनं...

"आले."

बाईचा आवाज. हळू. लांबून चालत आल्यासारखा दमलेला.

मी ती क्लिप पुन्हा लावली. क्लिपमध्ये घरातल्या बायका सगळ्या समोर बसल्या होत्या. कुणाचे ओठ हलले नव्हते.

"काका, हे तुम्ही घुसडलंय ना?" मी ओरडलेच. "माझा फोन कुणी घेतला होता?"

काका उठले. त्यांनी वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवला. "भैरवनाथाची आन, पोरी. म्या न्हाई."

चेष्टेशिवाय ज्याचं पान हलत नाही, तो माणूस पोरीची शपथ घेत होता.

वैष्णवी खेळता खेळता म्हणाली, "ती आत्याची हाय. आत्यानं बोलिवलं म्हणून आली."

माझ्या थोरल्या काकू, बाळाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या सावकाश माझ्याकडे वळल्या.

"पाण्यातल्या गावात अशी मोकळी हाक मारत्यात व्हय गं? ती बी दिस बुडताना? एकेकाला नाव घिऊन बोलवायचं असतं. तू म्हनलीस कोण राहिलंय, या. आन तितं लई जण राहिल्यात."

"फोटो काढणारा कुणीही असंच म्हणतो, काकू! मला काय माहीत?"

"माहीत नसंल. पन आवतण ज्यानं दिलं, पाव्हणा त्याचा. तू आपली क्यामेऱ्यात डोळा घालून हुबी. एकदा बी वळून बघितलं न्हाईस तिच्याकडं. बघणारी एकली ही पोर. मंग ती पोरीकडंच येनार की."

"मग आता काय करायचं?"

"तिला आपली म्हण. फोटूत शेजारी घे."

मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण पुनवेला पंधरा दिवसही उरले नव्हते आणि ती छडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. म्हटलं, एका नाटकानं पोर सुटत असेल तर करू नाटक.

फोन खिडकीत उभा केला, टायमर लावला. सगळे अंगणात उभे राहिले. दारातल्या पणत्या अजून जळत होत्या. कितीतरी वर्षांनी मी फोटोत उभी राहिले. इंद्रजित माझ्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून. मी एकेकाचं नाव घेतलं. इंद्रजित. धनश्री. काका. काकू. वैष्णवी.

मग थांबले. स्वतःचीच लाज वाटली.

आणि माझ्या डाव्या हाताला गार लागलं... ओलं लुगडं घासून जावं तसं.

"आणि तू," मी म्हणाले. "तुला मी बोलावलंय. माझ्याकडं ये. पोरीला सोड."

टायमर वाजला. फोटो निघाला.

वैष्णवी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. पडलेल्या दाताची फट दाखवत हसत होती. धनश्रीनं फोन छातीशी धरला आणि मोठ्यानं रडली. "वन्सं, माझी पोर दिली तुमी मला." काकांनी स्वतः देवऋषीला फोन करून नको म्हणून सांगितलं. पिशवी रिकामी झाली. मला इतका आनंद झाला, की उरलेला फोटो मी नीट बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भोरवरून ST सुटली, तेव्हा बघितला.

सगळे समोर बघत होते. फक्त कोपऱ्यातला दारचा कुत्रा माझ्याकडे बघत होता. कान मागे पाडून.

आणि माझ्या आणि इंद्रजितच्या मध्ये जागा होती. एक माणूस मावेल एवढी.

मी लगेच काकूंना फोन लावला. "काकू, पाव्हणी परत कशी धाडायची?"

त्या म्हणाल्या, "ते मला बी न्हाई ठावं, पोरी."

आता वैष्णवी प्रत्येक फोटोत सरळ बघते. फोटो धनश्री काढते. मी सोडून दिलंय.

मागच्या रविवारी मी जेवायला बसणार, तोच वैष्णवीचा व्हिडिओ कॉल आला. नवा दात दाखवला, शाळेतलं सांगितलं. सगळं माझ्याकडे बघून.

मग तिची नजर जराशी सरकली. माझ्या शेजारी.

ती हसली.

"आत्या, तुमी दोघी जेवलात का?"

मी फोन ठेवला. माझा पहिला संशय काकांवरच गेला. त्यांनीच पोरीला पढवलं असणार, दुसरं काय? आजही मी तसंच म्हणते. तसं म्हटलं की जरा बरं वाटतं.

पण त्या रविवारपासून मी रोज दोन ताटं वाढते.