नेटचं जुनं नाव

तुम्ही आपणहून नेटचा पासवर्ड द्यायला वर आलात, बरं वाटलं. पण मला तो नको. राग मानू नका, नवी शेजारीण आखडू आहे असंही समजू नका. बसा थोडं, सांगते. दिवा राहू द्या. लेक आत झोपली आहे, म्हणून आवाज हळू ठेवते.

मी तेव्हा घरी बसून पाठ्यपुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावून द्यायची. जुनं सगळं काम नवऱ्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होतं आणि मी बसायची स्वयंपाकघरात, लॅपटॉप घेऊन. नवरा गेल्यावर मी राउटर बदलला. नवं खोकं, नवं नाव, नवा पासवर्ड. तेव्हापासून दोन्ही यंत्रांचं बिनसलं. लॅपटॉपवर नेट चालायचं, पण त्या कॉम्प्युटरचा फोल्डर उघडायला गेलं की ‘सापडत नाही’. प्रिंटर तर रुसूनच बसला होता. छापखानेवाल्यांनी तगादा लावून नाकी नऊ आणले, तेव्हा मी माणूस बोलावला.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो मारायचा. आता हे बोलताना मला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. घरातलं नेट त्याच्या मुठीत होतं. रागावला की बाहेर बसल्याबसल्या माझ्या फोनचं नेट बंद पाडायचा. नेटला त्यानं नाव दिलं होतं ‘माझंच घर’. घरभर फिरून माझ्या चुकांचे फोटो काढायचा. कोपऱ्यातली धूळ, खरकटं पातेलं, टेबलावरचा डाग. फोन घरच्या नेटला लागला की ते फोटो आपोआप कॉम्प्युटरवरच्या त्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायचे. मग मला शेजारी बसवून एकेक फोटो उघडायचा, जाब विचारायचा, आणि मग हात चालायचा. लेकीला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही, कारण मी मध्ये उभी असायची. आयुष्यात तेवढं एकच काम मी डोळ्यांत तेल घालून केलं.

एकदा मला मारून दमला, झोपला, तो उठलाच नाही. मी रडले नाही. त्याचा फोन हातोडीनं फोडला आणि चुरा कचऱ्याच्या गाडीत टाकून आले.

तर तो माणूस दुपारी आला. सगळे त्याला डबा डॉक्टर म्हणायचे, कारण नेटचं कुठलंही खोकं बघितलं की आधी कान लावायचा. बोलघेवडा, हसरा.

“ताई, यंत्रं बिघडली नाहीत,” तो म्हणाला. “ती जुनं नाव शोधतायत. नव्या खोक्याला जुनंच नाव आणि जुना पासवर्ड दिला की सगळी आपोआप जोडली जातील. आम्ही नेहमी तसंच करतो.”

“जुनं नाव नको,” मी म्हणाले. “वेळ लागला तरी चालेल, एकेक जोडा.”

“बरं बरं,” म्हणाला, आणि मी चहा टाकायला गेले. इथंच घोळ झाला. या लोकांचा हात सवयीनं चालतो. गिऱ्हाईक बाई असली की तिचं ‘नको’ या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात. जुना पासवर्ड कॉम्प्युटरच्या पोटात होताच. मी कप घेऊन आले तोवर त्यानं नाव बदलून टाकलं होतं.

प्रिंटर करकरत जागा झाला. कॉम्प्युटर कुरकुरला. माझ्या लॅपटॉपवर फोल्डर उघडला, सगळ्या फाइली जागच्या जागी.

“बघा!” डॉक्टर चहाचा घोट घेत म्हणाला. “उगाच घाबरत होतात.”

मी त्याच्यावर चिडणार होते, पण काम झालेलं पाहून त्याचे पैसे मोजायला लागले. तेवढ्यात त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

“हा फोन कुणाचा? आत्ताच जोडला गेला...”

पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं.

“तो फोन नाही,” मी म्हणाले. “मी फोडला.”

“ताई, सिग्नल पूर्ण आहे. म्हणजे फोन याच खोलीत हवा.”

खोलीत आम्ही दोघं होतो. खिडकीचे पडदे नवऱ्याच्या काळापासून ओढलेलेच होते. आधी वास आला, दाढीनंतर तो लावायचा त्या लोशनचा. मग फोल्डरमध्ये एक नवी फाइल पडली. डॉक्टरनं उघडली. टेबलावरचा चहाचा गोल डाग. त्याच्याच कपाचा, आत्ता उमटलेला, अजून ओला.

“कुणीतरी थट्टा करतंय...” तो हसला, पण हसणं ओठांवरच राहिलं.

दुसरी फाइल पडली. त्याची मान, मागून, वरून काढलेली. त्यानं वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तिसरी मी उघडू देत नव्हते. त्यानं उघडलीच. फोटोत तोच होता, याच खुर्चीत, पण चेहरा नव्हता. नाकाच्या जागी लाल चिखल होता.

“राउटर बंद करा,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता...”

तो उठायला गेला. त्याचं डोकं एकदम मागे ओढलं गेलं. डाव्या कानामागचे केस मुठीत धरावेत तसे ताठ उभे राहिले आणि कपाळाची कातडी ताणली गेली. मग डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. पुन्हा वर आलं, पुन्हा आदळलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. दात की-बोर्डवर सांडले. तो ओरडतही नव्हता, तोंडातल्या रक्तातून नुसता घुरघुरत होता. माणसं चेहरा ओळखतात, मी पकड ओळखते. ती पकड माझ्या नवऱ्याची होती.

आणि त्या रक्ताळलेल्या पडद्यावर आणखी एक फोटो आला. माझी लेक. वर तिच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलापाशी, पाठमोरी. डाव्या कानामागचे तिचे केस ताठ ओढलेले.

मी खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये पळाले. राउटर तिथं भिंतीवर होता. वायर ओढली तरी दिवे तसेच, त्याला बॅटरी जोडलेली. इस्त्री हाताला लागली. पहिला घाव घातला आणि माझ्या पोटात लाथ बसली. मी कोलमडले. बरगडीवर दुसरी बसली. इतकी वर्षं मी अशा वेळी अंगाचं मुटकुळं करून पडून राहायची. त्या दिवशी उठले. “तिला नाही... तिला हात लावायचा नाही,” असं काहीतरी ओरडत होते आणि खोक्यावर इस्त्री हाणत होते. प्लास्टिकचा भुगा झाला, भिंतीचा गिलावा पडला, तरी हात थांबेना.

मग सगळं शांत झालं. लोशनचा वासही गेला. लेक जिन्यावरून खाली आली. कानात गाणी होती तिच्या.

“आई, काय पडलं?”

मी तिला जवळ ओढलं, सगळीकडून चाचपून पाहिलं. धडधाकट होती. मी तिला धरून तिथंच जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा रडले.

डॉक्टर वाचला. हॉस्पिटलात त्यानं सांगितलं, पाय घसरून पडलो. मीही नेहमी तेच सांगायची.

आम्ही ते घर सोडलं. इथं राउटर नाही, लॅपटॉप नाही. मी छापखान्यात जाऊन काम करते, लेकीकडे साधा बटणांचा फोन आहे. बरं चाललं होतं, जीवात जीव आला होता. आणि काल मी कामावरून आले, तर हिनं स्वतःच कात्री घेऊन सगळे केस कापून टाकलेले. कमरेपर्यंत होते हो. किती जपायची. आता बोटभरही उरले नाहीत.

“का गं असं?” मी विचारलं.

“असंच. उकडतं.”

बाहेर एवढी थंडी पडली आहे. मी तेल लावायला तिला पुढ्यात बसवलं. कात्री वेडीवाकडी फिरली होती, कुठं आखूड, कुठं लांब. डाव्या कानामागे मात्र कात्री लागलीच नव्हती. तिथले मूठभर केस मुळापासून उपटलेले होते, आणि कातडीवर रक्ताचे बारीक थेंब अजून ओले होते.